पाण्याला घर दाखवू नये

३ एप्रिल

आले एकदाची कातळवाडीला! शेवटचा घाट चढताना जीपनं हाडं खिळखिळी केली, पण वर सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर आल्यावर जो वारा लागला ना, सगळा राग उतरला. वणीच्या कोळसा खाणीवर दोन वर्षं काळी धूळ खाल्ली. नाक शिंकरलं की रुमाल काळा. इथं बॉक्साइटची खाण, म्हणजे आता रुमाल लाल. चला, रंग तरी बदलला!

काम तेच. खाण खोल गेली की आजूबाजूचं जमिनीतलं पाणी तिकडं ओढलं जातं आणि गावच्या विहिरी आटतात. तसं होतंय का, आणि उरलेलं पाणी पिण्याजोगं राहतंय का, ते बघायचं. खाणीभोवती कंपनीनं चार बोअर मारलेत. त्यात पाणी किती खोल आहे ते मोजायचं, सॅम्पल काढायचं, कोल्हापूरच्या लॅबला धाडायचं. पण आता आपल्याच जिल्ह्यात! बाबा गेल्यापासून आई कसबा बावड्यात एकटी. वणीला असताना तिला ताप आला तर मला तो उतरल्यावर कळायचा. बाई सांगायचीच नाही. तिच्यासाठीच तर ही नोकरी धरली.

जीप चालवणारे आणि सामान उचलू लागणारे भाऊसो मोठे गमतीचे निघाले. गावच्या शिवेवर जीप थांबवली, माझ्या हातातली बाटली घेतली आणि सरळ दगडावर रिकामी केली. स्वतःचीही केली. म्हणाले, "बाहेरचं पाणी गावात न्हाय न्यायचं, पावणं. आमचं गोड हाय की." मी हसले. मागं ताडपत्रीखाली आईनं भरून दिलेला पाण्याचा मोठा कॅन होता, त्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. मी पाणी तपासणारी बाई. न तपासलेलं पाणी पिईन होय?

खोली आक्काताईंच्या घरी मिळालीय. एकट्या राहतात, म्हैस आहे, जीभ तिखट आहे. आमचं जमेल.

६ एप्रिल

चारही बोअर बघून झाले. तीन गावाच्या अंगाला, चौथा खाणीच्या अगदी काठावर. जांभ्याचा लाल कातळ आणि त्यातून हातभर वर आलेला लोखंडी पाइप, त्याला टोपण. टोपण काढायचं, मोजपट्टी आत सोडायची. तिच्या टोकाला पाणी लागलं की वर बारीक शिट्टी वाजते. मला ती शिट्टी फार आवडते, कुणीतरी खालून ‘ओ’ दिल्यासारखी. सॅम्पलसाठी बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली लांबुळकी नळी. बुडवायची नि वर ओढायची.

पाणी सुरेख आहे. जांभ्यातलं पाणी तसं असतंच, हलकं, क्षार जवळजवळ नाहीत. तरी लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत मी आईच्याच पाण्यावर. कॅन खाटेखाली लपवलाय. चोरून पाणी पिते, काय दिवस आलेत!

९ एप्रिल

पाडवा. आक्काताईंनी पुरणपोळीचा एवढा मोठा घास भरवला की बोलती बंद. सकाळी त्यांच्याबरोबर गावच्या विहिरीवर गेले होते. इथल्या बायकांचं विहिरीचं सोवळं काही औरच. नवी नवरी आली तरी माहेराला धुतलेले केस पुरते वाळल्याशिवाय तिला विहिरीच्या काठावर येऊ देत नाहीत म्हणे. का, म्हणून विचारलं तर सगळ्या एकमेकींकडं बघून कळश्या उचलून चालू लागल्या. बाहेरच्या माणसाला सांगायचं नसेल. असेना का.

१५ एप्रिल

काहीतरी गडबड आहे. तीन बोअरचं पाणी रोज थोडं थोडं खाली जातंय, एप्रिलात जायलाच हवं. चार नंबरचं मात्र जिथल्या तिथं. खाणीत दिवसभर पंप चालू आहेत आणि काठावरचा बोअर हलायला तयार नाही? हे कुणी शेंबड्या पोराला सांगावं.

उदयसिंह म्हणून कंपनीचा साहेब आहे, पर्यावरणाचं बघतो. आज मुद्दाम आला, चहा पाजला, आणि चार नंबर तेवढा रिपोर्टात सगळ्यांत आधी, ठळक दाखवा मॅडम, असं गोड आवाजात सांगून गेला. मग माझी ट्यूब पेटली. हे लोक टँकरनं त्यात पाणी ओततायत! गावाला आणि सरकारला दाखवायला, की बघा, खाणीमुळं पाणी कुठं आटलंय?

१८ एप्रिल

टोपणाला स्वतःचं कुलूप लावलं. वरून मांजा गुंडाळून अशी गाठ मारली की कुणी हात लावला तर कळावं. कुलूप जागच्या जागी, गाठ जशीच्या तशी, पाणीही जिथल्या तिथं. किल्ली एकदा भाऊसोंकडं दिली होती, म्हणून त्यांनाच धरलं. बिचारे लालबुंद झाले. म्हणाले, त्या बोअरजवळ मी दिवसाढवळ्याही एकटा जात नाही, आणि तुमी वतायच्या गोष्टी करताय. का जात नाही, ते काही सांगेनात. माझा संशय काही गेला नाही. हा माणूस काहीतरी लपवतोय.

२३ एप्रिल

भाऊसो जोतिबाच्या यात्रेला गेलेत, सासनकाठी नाचवायला. मी एकटीच वर गेले आणि आज त्या बोअरची परीक्षाच घेतली.

पाइप खालून बुजला असेल तर आतलं पाणी नुसतं डबक्यासारखं उभं राहतं, बाहेरच्या पाण्याशी त्याचा संबंध उरत नाही. ते कळायची सोपी रीत आहे. वरून एकदम पाणी ओतायचं आणि ते किती भरभर उतरतं ते बघायचं. ओतायचं पाणी स्वच्छ हवं, नाहीतर सॅम्पल बिघडतात. स्वच्छ, खात्रीचं पाणी माझ्याकडं एकच. कॅनच्या तळाशी पाच-सहा लिटर उरलं होतं. ओतलं.

तासाभराचं काम समजून सावली धरून बसले होते. पट्टी सोडली तर पाणी उतरूनही गेलेलं! गटागट प्यावं तसं. म्हणजे पाइप मोकळा आहे. मग पातळी का हलत नाही? उद्या बघते.

२४ एप्रिल

पातळी हलली, पण वर. चांगली दोन हात वर. कुलूप मात्र शाबूत!

संध्याकाळी आईचा फोन, आनंदानं नुसती ओरडत होती. "तेजू, आपला बोर लागला की गं!" आमच्या घराभोवती नव्या बिल्डिंगा उठल्यापासून परसातला बोअर ठणठणीत कोरडा आहे. आज तिनं सहज मोटर चालू केली तर धो धो पाणी. थोडं लालसर आहे, पण काय गोड, म्हणाली. बावड्याच्या काळ्या मातीत लालसर पाणी? पाइप गंजला असेल, पिऊ नको म्हटलं. म्हणाली, प्याले की.

२६ एप्रिल

आक्काताईंना खाटेखाली रिकामा कॅन सापडला. कुठलं पाणी, विचारलं. घरचं. कुठं ओतलंस? सांगितलं.  "पाण्याला घर दाखवलंस व्हय गं," एवढंच म्हणाल्या.

मग खोदून खोदून विचारल्यावर सांगितलं. या सड्याखालच्या पाण्यात बाहेरच्या घरचं पाणी मिसळलं की त्याला त्या घरची वाट कळते. ते तिथं जातं. पहिल्यांदा प्यायला देतं, मग त्या घरचं माणूस मागतं. पूर्वी निदान शांत पडून असायचं, खाणीनं तळ फोडल्यापासून त्याला चैन नाही. त्यांची लेक सोनाबाई नेसरीला दिली होती. बाळंतपणाला आली, येताना बाटलीत सासरचं पाणी राहिलं होतं, ते तिनं नकळत विहिरीवर ओतलं. तिकडं नेसरीला सासू नुसतं पाणी पीत सुटली, अन्न म्हणून तोंडात घेईना. पुढं सासूचं काय झालं, मी विचारलं. वाचली म्हणाल्या, अजून शेरडं राखते. मग झालं तर! मला हसूच आलं. आक्काताई पदर डोळ्याला लावून गोठ्यात गेल्या.

मला भीती घालून पळवून लावायचंय, दुसरं काय. उदयसिंहानं यांनाही चहा पाजलेला दिसतोय.

२९ एप्रिल

तरी मनाला चैन पडेना. आईला सांगून घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून लॅबला द्यायला लावलं. तिथला बुद्धभूषण माझा कॉलेजचा मित्र, काम चोख करतो.

चार नंबर आणखी वर. आज बेलर वर काढला तर पाणी कोमट. उन्हानं पाइप तापला असेल म्हणून खोलवरचं काढलं, तेही कोमट. थर्मामीटर बिघडला की काय म्हणून काखेत धरला. माझ्या अंगाचं आणि त्या पाण्याचं तापमान एकच आलं.

आईचा फोन. जेवलीस का विचारलं तर विषय टाळला. बोलताना मध्ये मध्ये घोट घेतल्याचा आवाज येत होता.

२ मे

बुद्धभूषणचा फोन आला. आधी चेष्टा करत होता, भवाने, एकाच बोअरच्या दोन बाटल्या भरून वेगवेगळी नावं टाकलीस काय? बावड्याचं आणि चार नंबरचं, दोन्ही पाणी तंतोतंत एक. मग म्हणाला, दोन्हींत मीठ वाढत चाललंय, आणि ते जमिनीतल्या मिठासारखं नाही. पाणी पाठवतेस की कुणाचा घाम?

 कातळवाडीपासून बावडा कुठं, मध्ये नद्या किती, डोंगर किती! जमिनीखालून असं पाणी जाऊ शकत नाही. मी हेच शिकलेय, आणि यावरच पोट भरते.

आईला चार फोन केले. उचलला तेव्हा एवढंच म्हणाली, "ये की तू पण. लई गोड हाय."

४ मे

बावडा. घरी आले. दार उघडं, आई परसात बोअरजवळ बसलेली. चारी बाजूंनी कळश्या, तांबे, पातेली, सगळी भरलेली. ओठ फुटलेले, कातडी सुकलेली, हाताला चिमटा काढला तर वळी तशीच राहते. इतकं पाणी पिऊन माणूस असं वाळतं कसं? मला बघून हसली आणि तांब्या पुढं केला. मी तो भिंतीवर भिरकावला. रडलेही. ती मात्र सांडलेल्या पाण्याकडंच बघत होती.

डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, भरपूर पाणी पाजा. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

मोटरचा फ्यूज काढला. आईला गडमुडशिंगीला मावशीकडं नेलं.

६ मे

आई जेवली! मावशीनं ज्वारीची भाकरी आणि ताक दिलं, दोन घास का होईना, गेले पोटात. नळाचं पाणी प्याली, वाटीभरच. मला म्हणाली, "तू कशी काय आलीस गं मध्येच?" मधले दिवस तिला आठवतच नाहीत. देवा, सुटले. मावशीला निक्षून सांगितलंय, तिला बावड्याला जाऊ द्यायचं नाही.

आता तो बोअर बुजवायचा. सिमेंटनं, कायमचा. नोकरी गेली तरी चालेल, आई राहिली पाहिजे.

९ मे

कातळवाडी. कुणीच मदत करेना. भाऊसोंनी हात जोडले. आक्काताई दार अडवून उभ्या. परत जा म्हणतात, आईला घेऊन लांब जा, पर त्या बोरकडं तू जाऊ नगंस. दुसऱ्या कुणाला पाठव, तू नगं. माझ्या सोनाबाईनं बी ऐकलं न्हवतं. मीच का नको? मी बोअर बुजवला तर यांचं काय जातंय? साहेबांनी शिकवलेलं बोलताय का, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

कुणावरच विश्वास राहिला नाही. सिमेंटची पोती उदयसिंहाच्या गोदामातूनच उचलली, न विचारता.

११ मे

सकाळीच वर आले, एकटी. टोपण काढलं. पट्टी सोडायची गरजच नाही — पाणी पाइपात दिसतंय. त्यावर वाफ आहे, मे महिन्याच्या उन्हात.

सिमेंट कालवायला घेतलं, तेवढ्यात मावशीचा फोन. आई नाही. सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं, चपला दारातच. शेतात नाही, देवळात नाही, स्टँडवर नाही. बावड्याच्या घरीही माणूस पाठवला — कुलूप.

मी निघालेच होते. जीपची किल्ली हातात होती. तेवढ्यात मागून —

नाही. वारा असेल.

११ मे, दुपार

वारा नाही. आईच आहे. पाइपातून बोलतेय.

"तेजू" म्हणाली. मला तेजू फक्त तीच म्हणते. मी टोपण लावून लांब पळाले, पुन्हा आले. या पाइपात माणूस मावत नाही, मला माहीत आहे, मी रोज मोजते — पण बेलर सोडला आणि वर काढला तर त्यात केस. पांढरे. खोबरेल तेलाचा वास. तिचाच.

सिमेंट वाळायला लागलंय. कसं ओतू? तिच्या तोंडावर ओतू?

मी बोलले की पाणी वर येतं. गप्प राहिले की थांबतं. म्हणून बोलतेय सारखी. आई, ये, वर ये, अजून थोडं —

दुपार

काठोकाठ. कोमट.

"लई तहान लागलिया गं. हात दे की."

दिला. डावा. लिहितेय म्हणून शुद्धीवर आहे. बोटं लागली — मऊ, सुरकुतलेली, पाण्यात भिजलेली. ओळखीची. घट्ट धरलंय तिनं. आई, मी सोडणार नाही. ओढते. जड आहेस गं —

फोन. मावशी. मांडीवर ठेवून उचलला.

आई सापडली म्हणते. उसाच्या बांधावर झोप लागली होती. आता कट्ट्यावर बसून चहा पितेय, चांगली शुद्धीत — मागून तिचाच आवाज, मी ऐकला, विचारतेय तेजू जेवली का —

मग हा हात

कोपरापर्यंत आत गेला. सोड म्हणतेय. मावशी ऐकतेय, विचारतेय कुणाला सोड म्हणतेस. आईला फोन देऊ नको मावशी, तिला इथं येऊ दे — नको — येऊ देऊ न